पांढरं पाणी

मोरीतल्या बादलीची कडी खण्णकन पडली आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली.

सई कूस बदलून पुन्हा झोपली. मी तिच्या मानेखालचा हात तसाच ठेवून ऐकत राहिले. नळ सुटला, पण धार बादलीच्या कडेनं, आवाज होणार नाही अशी. नातीची झोप मोडू नये म्हणून. मग शाम्पूची पुडी दातानं फाडल्याचा आवाज, मग दाराची कडी, मग जिन्यावरून उतरत जाणाऱ्या चपला. बाबा दिवे करायला चालले होते.

'दिवे करणं' हा आमच्या घरातला शब्द. गाडीच्या पुढच्या दिव्यांवरची काच म्हणजे खरं तर प्लास्टिक. ते उन्हानं पिवळं पडतं, मग दुधी होतं, आणि शेवटी आत बल्ब कितीही चांगला असला तरी रस्त्यावर उजेड पडत नाही. ती काच घासून पुन्हा आरपार करायची. लालबागच्या गिरणीत लागून बाबांना वर्ष होतंय न होतंय तोवर संप झाला. त्यानंतर मिळेल ते काम करत करत ते भांडुपच्या एका गॅरेजात पोचले आणि तिथे हे शिकले. मी तेव्हा लहान होते. शनिवारची शाळा सुटली की डबा घेऊन गॅरेजात जायचे आणि बादली धरायचं काम माझ्याकडे यायचं.

दिव्याभोवती आधी कागदी टेप लावायची, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. काच शाम्पूच्या पाण्यानं भिजवायची आणि जाड पॉलिश पेपरनं आडवी घासायची. पहिलं पाणी पिवळं येतं, हळदीचा हात धुतल्यासारखं. घासत राहायचं. पाणी पांढरं झालं की समजायचं, उन्हानं जाळलेलं सगळं निघालं. मग त्याहून बारीक कागद, मग त्याहूनही बारीक. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे पुसतो. सर्वांत शेवटी फडक्यानं पॉलिश चोळून रबिंग करायचं आणि वरून पारदर्शक लॅकरचा फवारा, म्हणजे ऊन पुन्हा लगेच धरत नाही.

"आणि एकदा बारको कागद हातात घेतलो की मागे येवचा नाय," बाबा सांगायचे. "मागे इलंस तर पयल्यापासून सगळा."

बाहेरच्यांशी बाबा मुंबईचं मराठी बोलतात. मालवणी फक्त आईशी आणि माझ्याशी. आई गेल्यापासून फक्त माझ्याशी.

आई गेली आणि भांडुपची खोली सोडून बाबा आमच्याकडे मुलुंडला आले. आले म्हणजे मी आणि निलेशनं त्यांना आणलं. लेकीच्या घरी राहायचं हे त्यांच्या गळी उतरवायला निलेशला तीन रविवार लागले. शेवटी त्यांनी एक अट घातली: गाडी चालू ठेवणार. शाळेच्या मुलांची पिवळी व्हॅन, तेव्हाच जुनी झालेली. मुलुंडमधली मुलं सकाळी शाळेत पोचवायची, दुपारी घरोघर सोडायची. त्यातून आमच्या घरी दूध त्यांचं आणि रविवारची मासळी त्यांची. सौंदाळे महाग असले तरी आणायचेच. ताटावर बसताना ते एकदा निलेशकडे बघायचे, निलेश "मस्त आहे बाबा" म्हणायचा, मग ते पहिला घास घ्यायचे. तो घास त्यांना आपल्या घरातला वाटायचा, हे मला कळत होतं.

सईचा जन्मच मुळी त्या व्हॅनच्या हॉर्नच्या आवाजात झाल्यासारखा. आता पहिलीत आहे, आणि आबांच्या शेजारची सीट तिची. तिथे दुसरं कुणी बसलं की भांडण.

सोमवारी व्हॅनचं पासिंग होतं. मुलांना शाळेत सोडून बाबा गाडी तपासणीला नेणार होते. ब्रेक झाले, टायर झाले, दारावरचा रंग झाला. दिवे तेवढे राहिले होते. मागच्या खेपेला आरटीओच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की या काचांवर पुढच्या वर्षी पास करणार नाही.

"भाऊ, जोडी बदलून टाका ना," अंबादास म्हणाले होते. त्यांचीही शाळेची व्हॅन, आणि दोघांच्या गाड्या आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून, एकीमागे एक उभ्या असतात. "काय सुटीच्या दिवशी दिव्यांना उटणं लावत बसता?"

"नवीन काच मिळते रे. पण ती बसवली की दिवा लूज बसतो, उजेड वर जातो. समोरच्याच्या तोंडावर," बाबा म्हणाले. "ही कंपनीची आहे. हिला काय झालंय? नुसती मळलीय."

हे शनिवारचं. शनिवारी त्यांनी डावा दिवा केला. उजवा रविवारी करू म्हणाले, कारण गाडीची उजवी बाजू उन्हात असते आणि त्या काचेला दुप्पट वेळ लागतो. डावा इतका सुंदर झाला की सई त्याच्यासमोर उकिडवी बसून जीभ काढून बघत होती. "आई, आतली चांदी दिसते," म्हणाली. बाबांनी लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, अंगठ्याच्या पोटानं काचेची कड चाचपली. त्या रात्री जेवताना ते निलेशशी क्रिकेटवर बोलले. पुष्कळ दिवसांनी बोलले.

पुष्कळ दिवसांनी म्हणजे प्रांजलचं झालं तेव्हापासून.

प्रांजल म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, संघमित्राचा मुलगा, दुसरीतला. एका दुपारी बाबांनी त्याला दुसऱ्याच बिल्डिंगच्या गेटवर सोडलं. दोन वर्षांपूर्वी संघमित्रा तिथे भाड्यानं राहायची. पोरगं शहाणं, वॉचमनच्या खुर्चीवर बसून राहिलं आणि वॉचमनलाच आईचा नंबर सांगितला. काही झालं नाही. संघमित्राचा मला फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"तक्रार नाहीये गं क्षमा. काकांना सांगूही नकोस, त्यांना वाईट वाटेल. पण... तू जरा बघ ना."

मी बाबांना सांगितलंच. ते हसले. "अरे हां, जुन्या सवयीनं गाडी वळली. घोडा कसा जुन्या तबेल्याकडे जातो." मालवणीत नाही बोलले. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग असं बारीकबारीक. रविवारी बाजारातून येताना मासळीची पिशवीच विसरून आले आणि दुपारभर कुणाशी बोलले नाहीत. आईच्या फोटोला हार घातला आणि तासाभरानं दुसरा हार घेऊन आले. निलेश मला म्हणाला, "यार क्षमा, डॉक्टरला दाखवू. आणि गाडी बंद. आपली पोरगी असते त्या गाडीत. सगळ्यांची पोरं असतात."

"तू सांग ना मग."

"मी सांगितलं तर जावयानं सांगितल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी बॅग भरतील. तू मुलगी आहेस, तू सांग."

मी सांगणार होते. पासिंग झालं की सांगू, असं मी दिवाळीपासून स्वतःला बजावत होते, जणू एका वर्षाचं पासिंग झालं की सांगणं सोपं होणार होतं.

एकदा सईला आंघोळ घालताना मी सहज विचारलं होतं, "आबा गाडी नीट चालवतात ना गं?"

"मस्त चालवतात. फक्त कधीकधी सिग्नलला विचारतात, सई, आता कुठे? मग मी सांगते. डावीकडे आबा. मीच त्यांचा मॅप आहे."

मी हसले आणि तिच्या डोक्यावर तांब्या ओतला. नंतर टॉवेलमध्ये गुंडाळून तिला जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

रविवारी निलेशची ड्युटी होती, पवईला. ओटा आवरून मी चहा केला, स्टीलच्या पेल्यात ओतून वर वाटी झाकली आणि खाली गेले. सई झोपलेली होती, म्हणून दार नुसतं लोटून शेजारच्या कुंदामावशींना लक्ष ठेवायला सांगितलं.

भिंतीच्या वळणावरच खर्रखर्र ऐकू आली. त्या आवाजानं मला नेहमी बरं वाटतं. बाबा प्लास्टिकच्या क्रेटवर बसले होते, पाठ माझ्याकडे. बंपरवरून पाणी उतरून रस्त्याच्या उताराला लागलं होतं आणि माझ्या पायापर्यंत आलं होतं. पांढरं. ताकाच्या पाण्यासारखं पांढरं.

एवढ्यात पिवळं संपलंसुद्धा, असं मला वाटलं. मग मी गाडीकडे नीट बघितलं.

उजवा दिवा कालच्यासारखाच पिवळा होता. टेपसुद्धा लावलेली नव्हती. टेप डाव्या दिव्याला लावलेली होती, आणि बाबांच्या हातात जाड कागद होता.

"बाबा."

"काय गो, पंचनामो करूक इलंस?"

"चहा आणलाय."

"ठेव थंय." ते थांबले नाहीत. पाण्यात कागद बुडवला, आडवा हात फिरवला. "ह्या बघ जरा. कधीपासून घासतंय, पिवळा पाणी येणाच नाय. अर्धो कागद झिजलो. कसली काच घातल्यानी म्हायत नाय."

काल चांदीसारखी दिसणारी काच आता पूर्ण आंधळी झाली होती. खोल, जाड, आडवे ओरखडे. लॅकर निघून गेला होता.

मी दुसरं काही बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून तेवढंच गेलं, "बाबा, हा काल झाला."

हात थांबला. बाबांनी आधी उजव्या दिव्याकडे बघितलं. मग हातातल्या कागदाकडे, मग खाली पाण्याकडे. पाणी त्यांच्या चपलेखालून वाहत होतं. ते पाणी त्यांना मी काय समजावणार होते? मला ते त्यांनीच शिकवलं होतं.

"लॅकर नीट बसलेलो नाय कालचो," ते म्हणाले. "म्हणान परत घेतलंय."

"हो. मलाही वाटलंच तसं."

त्यांनी पेला उचलला. बोटं पांढरी झालेली होती, पेल्याला ठसे उमटले. दोन घोट घेऊन पेला माझ्या हातात दिला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"वायच पडतंय जावन."

जाताना कागद, टेप, बादली, लॅकरचा डबा सगळं तिथेच राहिलं. बाबा कधी हत्यारं रस्त्यावर टाकून गेलेले मला आठवत नाहीत. गॅरेजात दुसऱ्यानं टाकलेली उचलून ठेवायचे.

मी क्रेटवर बसले.

समोर दोन दिवे होते. एक पिवळा, एक पांढरा. मला हे काम येतं. लग्नाआधी मी बाबांबरोबर कितीतरी केलेत. निलेशच्या बाइकचा दिवा मीच केला होता, तेव्हा तो फुशारकीनं मित्रांना सांगत सुटला होता की बायको गॅरेजवाली आहे. संध्याकाळपर्यंत दोन्ही झाले असते. उद्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली असती आणि शिक्का दिला असता, आणखी एक वर्ष. बाबांना काही सांगावं लागलं नसतं. रविवारी सौंदाळे आले असते.

आणि रोज सकाळी सई पुढच्या सीटवर चढली असती. मागे प्रांजल, इरावती, आणखी सगळी. सिग्नलला आबांनी विचारलं असतं, आता कुठे? एक दिवस सईला ताप असता, ती घरी असती. मग त्यांनी कुणाला विचारलं असतं?

मी मधला कागद घेतला आणि डावा दिवा करायला लागले. एवढं मला करायलाच हवं होतं. त्यांच्या हातचे ते ओरखडे रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे मी सोडू शकत नव्हते. मधल्या कागदानं बराच वेळ खाल्ला, मग बारीक, मग सर्वांत बारीक. दंड भरून आले. फडकं घेऊन रबिंग केलं. हळूहळू काचेच्या मध्यावर एक गोल आरपार झाला आणि कडांकडे पसरत गेला. आतला बल्ब दिसला. कोरडं करून मी लॅकर मारला, बाबा मारतात तसा, लांबून, थांबत थांबत, ओघळ न येऊ देता.

मग उजव्या बाजूला बसले. टेप लावली. जाड कागदाचा नवा तुकडा भिजवला आणि एक हात फिरवला. पिवळं पाणी आलं. एक बारीक धार बंपरवर उतरली आणि तिथे थबकली.

माझा हात दुसऱ्यांदा फिरेना.

मी तशीच बसून राहिले. कोणीतरी स्कूटर घेऊन गेलं. भिंतीपलीकडे सोसायटीतली मुलं ओरडत होती. मग मी बंपरवरची ती धार फडक्यानं पुसली, उजव्या दिव्याची टेप काढली, सगळे कागद धुतले आणि बॉनेटवर वाळत घातले, जाडापासून बारकापर्यंत ओळीनं.

उन्हं उतरल्यावर बाबा खाली आले. सई त्यांच्या पुढे, झोपेनं केस विस्कटलेली. तिनं आधी बघितलं.

"एकच केला?"

"एकच," मी म्हटलं. "जा, झोपाळा रिकामा आहे बघ."

ती गेली. बाबांनी डाव्या दिव्यावरून अंगठा फिरवला. लांब गेले, मान तिरपी करून बघितलं.

"तू केलंस?"

"हो."

"बरो झालो. हय कडेक वायच रवलो हा." त्यांनी नखानं जागा दाखवली. खरंच राहिलं होतं. मग ते उजव्या दिव्यापाशी गेले. तिथे वाकले. पिवळ्या काचेवर एकाच हाताचा ओरखडा होता. तो त्यांनी बघितला.

"लॅकर सोपलो?"

"नाही. आहे."

त्यांनी डबा उचलून हलवला. आतली गोळी खडखडली. "आसा," ते म्हणाले आणि डबा हळूच खाली ठेवला.

मी पदराशी चाळा करावा तसा ओढणीच्या टोकाशी करत होते. बाबांनीच सुरुवात केली.

"एका दिव्यार पासिंग होणा नाय."

"माहितीये, बाबा."

ते क्रेटवर बसले. हात गुडघ्यांवर. आईच्या तेराव्याला असे बसले होते, सगळे जेवून गेल्यावर.

"तुका कधी कळला?"

"प्रांजलच्या वेळी."

"माका त्याच्या आधी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलान काय करू? जावयाच्या घरात बसान खाव?"

"निलेश असं कधी म्हणेल का?"

"तो नाय म्हणाचो. माका म्हायत आसा. पण मी म्हणतलंय ना माका." त्यांनी बॉनेटवरचे कागद बघितले. मी लावलेली ओळ त्यांना पटली असावी, कारण त्यांनी ती हलवली नाही. "रोज गाडयेत बसताना पोरांची नावां म्हणतंय. मनात. देवाची म्हणतत तशी. आज एक नाव ऱ्हवला तर उद्या बंद करूया, असा ठरवलेला. कधी ऱ्हवणा नाय. नावां इसारणंय नाय, रस्ते इसारतंय." मग थोडं थांबून म्हणाले, "तू ह्यो दिवो केलंस असतंस, तर मी उद्या गेलंय असतंय. तुका सांगतंय. गेलंय असतंय."

"म्हणूनच नाही केला."

ते मान हलवत राहिले. मग खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला.

"अंबादासाक लाव. मीच सांगतलंय."

अंबादास पहिल्याच रिंगला फोनवर आले. बाबा उभे राहिले. आवाज बदलला, मुंबईचा झाला, खणखणीत.

"अंबादास, माझी मुलं तू घे. उद्यापासून. नाही रे, गाडी नाही बसत पासिंगला. दिवे गेले. अरे झाली म्हातारी, किती ओढायचं तिला. ऐक, लिहून घे किंवा ध्यानात ठेव. प्रांजल खिडकीशी, नाहीतर उलटी करतो. त्याची जुनी बिल्डिंग नाही, नवीन, मेडिकलच्या मागची. इरावतीची आजी गेटवर येईपर्यंत गाडी हलवायची नाही, आजी हळू चालते. जुळे आहेत दोघे, एकाचा डबा दुसरा खातो, तिकडे बघायचं नाही. आणि तो... तो, पेट्रोल पंपाच्या गल्लीतला..."

ते थांबले. त्यांचे ओठ हलत होते, मनात यादी पहिल्यापासून म्हणत असल्यासारखे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"देवव्रत," मी हळू म्हटलं.

"देवव्रत," बाबा फोनमध्ये म्हणाले. "त्याला हॉर्न आवडत नाही. त्याच्या दारात हॉर्न मारू नको. खाली उतरून हाक मार."

मग एकेक आईबाप. मी नंबर लावत होते, ते बोलत होते. सगळ्यांना तेच: गाडी जुनी झाली, दिवे गेले, अंबादास चांगला माणूस आहे. कुणी म्हणालं, असं कसं काका, मध्येच. कुणी म्हणालं, बरं. मग संघमित्रा. फोन मोठ्या आवाजावर होता.

"काका, दिव्यांच्या काचा बदलता येतात ना," ती म्हणाली. तिला सगळं कळलं होतं, आणि तरी म्हणाली.

"येतात," बाबा म्हणाले. "पण नको पोरी."

"प्रांजलला तुमची सवय आहे हो."

"मला पण," बाबा म्हणाले आणि लाल बटण शोधत राहिले. मी दाबलं.

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले. नखांतलं पांढरं गेलं नाही. निलेश आला तेव्हा मी त्याला जिन्यातच सांगितलं. तो आत आला, बूट काढले, आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसला. टीव्ही लावला आणि रिमोट बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो धरून ठेवला, चॅनल बदललं नाही. त्या दिवशी मासळी आणलेली नव्हती. मी पिठलं केलं. ताटावर बसल्यावर बाबांनी निलेशकडे बघितलं नाही. निलेशच म्हणाला, "मस्त आहे ना बाबा?" त्यांनी मान हलवली आणि घास घेतला.

सोमवारी सकाळी खाली अंबादासांचा हॉर्न वाजला. सईच्या एका पायात मोजा, दुसरा हातात.

"मी त्या गाडीत नाही जाणार. त्यांच्या पुढच्या सीटवर दुसरी मुलगी बसते."

"सई, उशीर होईल."

"मी सोडतंय तिका," बाबा म्हणाले. ते आधीच तयार होते, पांढरा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. "चलत. शाळा काय लांब नाय."

निलेशनं माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. शाळेचा रस्ता सरळ आहे. एक सिग्नल, मग डावीकडे, मग मैदानाला वळसा. सईला पाठ आहे. मी गॅलरीतून अंबादासांना हातानं जा म्हटलं. पिवळी व्हॅन निघून गेली. तिच्या मागे आमची उभी होती, तोंड उन्हाकडे. उजव्या दिव्यात ऊन शिरत नव्हतं. डाव्यातून ऊन आरपार जाऊन आतल्या चांदीवर लागत होतं.

बाबांनी सईचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं. पट्टा आखूड होता, दप्तर काखेत आलं. सईला हसू आलं, तिनं पटकन दुसरा मोजा चढवला. बाबा दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होते. लावून झाला, त्यांनी सोडला आणि पुन्हा लावला.

"रस्त्यात बोट सोडायचं नाही हं," मी सईला म्हटलं.

म्हणताना मी माझ्याच चपलेत पाय घातला. मग काढला. बाबांची पाठ माझ्याकडे होती, पण त्यांना ते कळलं असावं. ते उंबऱ्यावर तसेच थांबले, एक हात मागे सोडून, नेहमी सोडतात तसा, बोट लांब करून.

सईनं त्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, आबांनी माझं बोट धरायचं, की मी आबांचं?"